जावईबापूंचा डिसेंबर

घोड्याला खरं नाव होतं. कागदावरचं, लांबलचक, आईबापांच्या नावांची शेपटं जोडलेलं. पण पागेत कुणी त्याला त्या नावानं हाक मारली असेल तर शपथ. दाणाखोलीतल्या बायकांनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की मालकांच्या तोंडूनही कधीकधी तेच निघायचं. बसेल नाहीतर काय! कामधाम नाही, खायला निवडून घेतलेले जव, रोज अंगाला खरारा, झोपायला कोरडं गवत, आणि वर रुसवेफुगवे. जावयाचे लाड याहून वेगळे असतात का?

फरक एवढाच, की जावई म्हातारा झाला म्हणून त्याला कुणी विकायला काढत नाही.

जावईबापू आता चोवीस वर्षांचे झाले होते. वीस वर्षं या स्टड फार्मवर पैदाशीचा घोडा म्हणून काढली, पण गेल्या चार वर्षांत एक शिंगरू झालं नव्हतं. थोरले मालक वारले. धाकट्या मालकांनी फार्म मोडला, जमीन विकली. घोड्या गेल्या, शिंगरं गेली, गवताच्या गंजीसुद्धा गेल्या. गरज सरो, वैद्य मरो. उरला हा एकटा. त्याला घ्यायला एकच व्यापारी तयार होता, आणि तो म्हातारी जनावरं कशासाठी घेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत तुमच्या त्या आसऱ्यानं घोडा नेला तर नेला," मालकांनी फोनवर बजावलं होतं. "बारानंतर व्यापाऱ्याची गाडी. मला रविवारी जागेचा ताबा द्यायचाय."

हे बजावलं होतं वहिनींना. वहिनींनी वीस वर्षं फार्मच्या दाणाखोलीत माप केलं होतं. दाणाखोली बंद झाल्यावर धान्याच्या दुकानात वजनकाट्यावर बसत होत्या. त्यांचे यजमान जावईबापूंचे मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारे, होते. त्याआधी पोलिसांच्या घोडदळात नोकरी केलेले, घोड्यांशी माणसांसारखं आणि माणसांशी घोड्यांसारखं बोलणारे. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि घोडा धाकट्या भावाच्या हाती आला. हा दीर सगळ्यांसमोर वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खा फार्म त्यांना वहिनीच म्हणायला लागला.

"मेलेल्या नवऱ्याची आठवण म्हणून बाई घोड्याच्या मागे लागलीय," असं लोक म्हणत. ते अर्धंच खरं होतं. दाणाखोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे जावईबापूंचं आतलं अंगण होतं. तिथं घोड्या आणल्या जायच्या, म्हणून तिथं बायकांनी पाऊल टाकायचं नाही, असा थोरल्या मालकांचा दंडक. वहिनींनी घोड्याला पाहिलं ते लांबून, कुंपणावरून. पण सकाळ-संध्याकाळ त्या दाणा मोजायच्या, मापट्याला चिकटलेला कोंडा झाडायला ते पिंपाच्या काठावर तीन वेळा आपटायच्या, टण टण टण, की लगेच भिंतीपलीकडून फुर्रर्र असा आवाज यायचा. वीस वर्षं, दिवसातून दोनदा. माणसामाणसांत तरी इतकं नियमित बोलणं होतं का, सांगा. वहिनींचा जीव होता त्याच्यावर. सरळ सांगायचं तर फार जीव होता.

तर आसऱ्याची गोष्ट. म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळणारी ही जागा गाडीनं चार तासांवर होती. तिथल्या बाईंच्या अटी दोनच, पण दोन्ही लोखंडी. पहिली, घोड्याच्या जन्मभराच्या खर्चासाठी बारा पालक हवेत, एकेकानं वर्षातला एकेक महिना घ्यायचा, आणि एका माणसाला एकच महिना. सगळा भार एकावर टाकला की तो माणूस दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही, असा बाईंचा अनुभव. दुसरी अट, घोडा माणसाच्या हाताशी शांत हवा, कारण आसऱ्यात माणसं दोनच, एक बाई स्वतः आणि दुसरे त्यांचे गुडघे गेलेले वडील.

वहिनी महिनाभर दारोदार हिंडल्या. नालबंदानं जानेवारी घेतला. फेब्रुवारीसाठी मात्र भांडणं झाली. ज्याला विचारावं तो म्हणे मला फेब्रुवारी द्या, दिवस कमी आहेत! शेवटी बेकरीवाला सगळ्यांच्या आधी आला होता म्हणून त्याला दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी मार्च, वहिनींच्या बहिणीनं उसासा टाकत मे. जुलै वहिनींनी स्वतःच्या पगारातून घेतला, सप्टेंबर दिराचा. असे करत अकरा जमले. डिसेंबर शिंप्याचा होता, आणि गुरुवारी शिंप्यानं शब्द फिरवला. "बायको नको म्हणतेय," म्हणाला. बायको बिचारी शेजारीच उभी होती, तिला काही पत्ताच नव्हता.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. दोन दिवसांत बारावा माणूस आणायचा कुठून? वहिनींनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सतरा जणांना विचारलं. मग यादी पाठवायची वेळ आली तेव्हा त्यांनी डिसेंबरपुढे एक नंबर लिहिला आणि शेजारी लिहिलं, 'मोतद्दार'. नंबर यजमानांचा होता. त्यांचा तो जुना बटणांचा फोन वहिनींनी सहा वर्षं चार्ज करून चालू ठेवला होता. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. बाईंचा फोन आलाच, तर कोपऱ्यात जाऊन जाड आवाजात 'हो, देतो' म्हणायचं, असा त्यांचा बेत. वहिनींनी जन्मात कधी खोटं लिहिलं नव्हतं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या.

शनिवारी साडेनऊलाच व्यापारी हजर. त्यानं आपला टेम्पो बरोबर फार्मच्या मोठ्या फाटकाशी लावला, पायरीवर बसला आणि नखं कापू लागला.

"बारा म्हणालेत ना मालक?" वहिनींनी विचारलं.

"बसलोय की. तुमची बाई आली नाही तर? मला परत खेपा नकोत." कटकट करत त्यानं अंगठ्याचं नख उडवलं.

दहा वाजता आसऱ्याच्या बाई आल्या. स्वतःच गाडी चालवत, मागं घोड्याची बंद गाडी जोडलेली. पन्नाशीच्या, केस कापलेले, बोलणं मोजकं. आल्या आल्या त्यांनी हातातली फाईल उघडली. "घोडा हातात धरून चालवून दाखवा. मग मी बाराही पालकांना फोन करीन. मग गाडीत चढवू."

"बाराही?" वहिनींनी विचारलं.

"बाराही. मागे एकानं कुत्र्याचं नाव लिहिलं होतं."

वहिनींनी खिशातला यजमानांचा फोन चाचपला. तेवढ्यात दीर पागेतून लगबगीनं बाहेर आला. "वहिनी, खुंटीवरची मोहरकी कुठंय हो?"

मोहरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायचा पट्टा, ज्याला धरून त्याला चालवतात. वहिनींचा चेहरा खुलला. या क्षणाची त्या कालपासून वाट बघत होत्या.

"ती सुताची? अहो, किती कळकट झाली होती ती! मॅडमसमोर जावईबापूंना तसल्या चिंधीत उभं करणार होतात? सकाळी पाणी तापवताना घातली चुलीत. हे बघा." आणि त्यांनी पिशवीतून दुसरी मोहरकी काढली. कातड्याची, जाड, हनुवटीखाली पितळी साखळी असलेली. दोन तास लिंबू लावून घासलेली ती साखळी सोन्यासारखी चमकत होती. "सामानाच्या पेटीत तळाशी पडली होती. एवढी चांगली वस्तू असताना चार वर्षं वापरत का नव्हता?"

दिराचं तोंड उघडं राहिलं. त्यानं वहिनींकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा वहिनींकडे पाहिलं. कान लाल झाले.

"ही... ही नको, वहिनी."

"का? तुटलीय कुठं?"

"तुटली नाही. पण ही... म्हणजे... ही वेगळी असते."

"काय वेगळी?"

आता हा दीर म्हणजे पन्नाशी उलटलेला बाप्या, पण लाजाळूचं झाड. वहिनींसमोर पाय पसरून कधी बसला नाही. त्यात समोर दुसरी परकी बाई. तो नुसता थुंकी गिळत राहिला.

"चालढकल करत बसायला वेळ नाही, हां," बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

"घाला हो भाऊजी, लाजताय काय नव्या नवरीसारखे!" वहिनींनी मोहरकी त्याच्या हातात कोंबली.

आणि दिरानं घातली. चार वर्षं झाली, विसरला असेल म्हातारा, असं मनाला समजावत घातली. बाप्यांची ही खोडच असते, बोलायचं तेव्हा बोलणार नाहीत आणि मग कपाळाला हात लावून बसतील.

तीनच पावलं. आतल्या अंगणाच्या फाटकापर्यंत जावईबापू बाहेर आले, हनुवटीखालची साखळी खुळखुळली, आणि चोवीस वर्षांचा, पाठ खचलेला तो घोडा डोळ्यांदेखत बदलला. मान कमानीसारखी वर. नाकपुड्या वाटीएवढ्या. असा खिंकाळला की पायरीवर बसलेल्या व्यापाऱ्याच्या हातून नेलकटर पडलं. मग मागच्या पायांवर उभा. दोर दिराच्या हातातून सर्रकन निसटला, तळव्याची साल घेऊन गेला. घोड्याचे पुढचे खूर फाटकावर आदळले, लाकडाचा एक दांडा मोडून बाईंच्या पायापाशी येऊन पडला. दिरानं कसंबसं फाटक लोटून कडी घातली. आत घोडा गोल गोल धावत होता, हवा हुंगत होता, ओरडत होता, आणि दर उडीला साखळी खुळखुळून त्याला आणखी पेटवत होती.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांनी फाईल मिटली.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि खरंच वाटत असावं. "पण हा घोडा मी माझ्या वडिलांच्या हातात देऊ शकत नाही."

"मॅडम, तो असा नाही हो! गरीब आहे तो, शेळीसारखा गरीब..."

"वहिनी, मी आत्ता पाहिलं."

पायरीवरून व्यापारी उठला. "उगाच त्रास घेतलात मॅडम एवढ्या लांबून. हे असले घोडे आमच्याच वाट्याचे." त्यानं टेम्पोची मागची फळी खाली पाडली. धाडकन आवाज आला. साडेदहा वाजले होते.

महिनाभराची पायपीट, बारा महिने, ते खोटं, सगळं एका साखळीनं... आणि तिथं वहिनी थांबल्या. साखळीनं? त्या गर्रकन दिराकडे वळल्या. तो रक्ताळलेला तळवा छातीशी धरून खाली बघत होता.

"भाऊजी. माझ्याकडे बघा. ही मोहरकी कसली आहे?"

"जाऊ द्या वहिनी."

"जाऊ कसं द्या? तो टेम्पो दिसतोय ना? तिकडं जाईल तो! ताकाला जाऊन भांडं काय लपवताय? बोला!"

"ती लग्नाची आहे," दीर पुटपुटला.

"कुणाच्या लग्नाची?"

"त्याच्या!" आणि मग धरण फुटल्यासारखा तो भडाभडा बोलला, बाईंकडे नाही, वहिनींकडे नाही, मोडक्या दांड्याकडे बघत. "दोन मोहरक्या असतात. सगळ्या स्टडवर असतात. रोजची सुताची, ती घातली की फिरायचं, खरारा करायचा, नाल ठोकायचे. तेव्हा शेजारून घोडी गेली तरी तो मान वर करायचा नाही. आणि ही साखळीची, ती फक्त घोडी आली की. दादानंच शिकवलं त्याला, लहान असल्यापासून. साखळी वाजली की त्याला कळायचं की आता... आता ते. म्हणजे तो पिसाळला नाही वहिनी. त्याला वाटतंय घोडी आलीय. तो शोधतोय तिला."

आतून टापा ऐकू येत होत्या.

"आणि हे तुम्ही सकाळी सांगितलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. आवाज हळू होता, म्हणून जास्त भयंकर होता.

"तुम्ही दोघी बायका उभ्या. कसं सांगू?"

"अहो, मी वीस वर्षं घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर नोकरी केली! मला काय वाटत होतं, शिंगरं झाडाला लागतात?"

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण हसू नव्हतं ते. "असू शकतं," त्या म्हणाल्या. "दोन मोहरक्यांचं मी ऐकलंय. पण ऐकीव गोष्टीवर मी घोडा नेत नाही. ती काढा त्याच्या तोंडावरून. मग बघू."

दीर आत गेला. गेला तसा भिंतीवर चढून परत आला. साखळी आणि हा माणूस, दोन्ही मिळून घोड्याला एकच गोष्ट आठवून देत होते. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा खूर खांद्याला चाटून गेला. घोड्याच्या तोंडाला फेस आला होता, बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. चोवीस वर्षांचं काळीज किती वेळ टिकणार?

"मरेल तो असा," बाई हळूच म्हणाल्या. अकरा वाजून गेले होते.

वहिनींनी पिशवीत हात घातला. दाणाखोली मोडली तेव्हा त्यांनी एकच वस्तू घरी नेली होती, कुणाला न विचारता. पोचे पडलेलं पितळी मापटं. आजच्या प्रवासात जावईबापूंना चार दाणे द्यावेत म्हणून ते सोबत आणलं होतं, तळाशी मूठभर जव होते. त्या फाटकाशी गेल्या.

"वहिनी, आत नका जाऊ! तिकडं बायकांनी..."

"तो दंडक करणारे गेले वर, भाऊजी. तिथं करू देत काय ते दंडक."

वहिनींना भीती वाटली. खोटं कशाला सांगा? या जनावराच्या इतक्या जवळ त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. भिंतीपलीकडून ओळख असणं वेगळं आणि समोर तो डोंगर धावत येणं वेगळं. त्यांनी कडी काढली, आत पाऊल टाकलं, आणि फाटकाच्या लोखंडी पट्टीवर मापटं आपटलं.

टण. टण. टण.

धावता धावता घोड्याचा एक कान मागे फिरला. पण साखळी खुळखुळली आणि तो आणखी एक फेरा धावला.

टण. टण. टण. वहिनींनी सवयीप्रमाणेच आपटलं, घाई न करता, कोंडा झाडतात तसं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा टापा संथ झाल्या. चौथ्यांदा आपटलं तेव्हा घोडा थांबला. अंग थरथरत होतं. मान खाली आली, आणखी खाली आली, आणि मग वीस वर्षं भिंतीपलीकडून यायचा तोच आवाज आला, फुर्रर्र.

"हो रे बाबा," वहिनी म्हणाल्या. "मीच ती. अशी दिसते मी."

तो चालत आला. त्यानं मापट्यात तोंड घातलं, आणि तो जव चघळत असताना वहिनींनी बोटांनी चाचपत गालावरचं बक्कल शोधलं. चामडं घामानं फुगलं होतं, बक्कल निघता निघेना. साखळी जरा हलली की घोड्याचे कान ताठ व्हायचे आणि वहिनी हात थांबवायच्या. अखेर ते सुटलं. वहिनींनी मोहरकी हळूच दूर मातीत टाकली. घोड्यानं एक लांब श्वास सोडला आणि आपलं ओलंचिंब कपाळ वहिनींच्या छातीवर टेकलं. तोंडावर ना पट्टा, ना दोर.

"हलू नका," कुंपणाबाहेरून बाई म्हणाल्या. "अशाच उभ्या राहा. मी इथून फोन करते. बारा फोन होईपर्यंत तो तुमच्यापाशी असाच उभा राहिला, तर घोडा शांत आहे असं मी लिहीन. तुम्ही मात्र तिथून हलायचं नाही."

बारा फोन. आणि बारावा वहिनींच्या खिशात.

जानेवारी उचलला. नालबंद म्हणाला, हो, देणार. फेब्रुवारी, हो. डॉक्टर, हो. बाईंचा पेन एकेका महिन्यावर खूण करत होता. मे महिन्यानं फोन उचलायला इतका वेळ लावला की वहिनींनी बहिणीला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. जुलै आणि सप्टेंबर समोरच उभे होते. घोडा डुलकी लागल्यासारखा उभा होता, त्याच्या कपाळाचं वजन वहिनींच्या छातीवर वाढत होतं. फोन बंद करावा का? बंद केला तर बारावा पालक लागला नाही, संपलं. वाजू द्यावा तर चोरी उघडी. आणि कोपऱ्यात जायला एक पाऊल उचललं तर घोडा हलणार. पुढे आड, मागे विहीर. ऑक्टोबर, हो. नोव्हेंबर, हो.

"आणि डिसेंबर," बाई म्हणाल्या.

खिशात घंटा वाजली. जुन्या टेलिफोनसारखी, ठणठणीत. पागेच्या गोंगाटात ऐकू यावी म्हणून यजमानांनी मुद्दाम लावून घेतलेली.

"दादाचा फोन!" दीर ओरडला आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसला.

घोड्यानं डोकं उचललं. दोन्ही कान उभे. पण तो बिथरला नाही, पाय जागचा हलला नाही. त्यानं फक्त मान वळवली आणि पागेच्या दाराकडे पाहिलं. चौदा वर्षं ही घंटा वाजली की त्या दारातून एक माणूस आत यायचा. तो दाराकडे बघत राहिला, आणि घशातल्या घशात, अगदी हळू, हाक मारल्यासारखा आवाज केला. वहिनींचे डोळे भरून आले. आपणही सहा वर्षं त्या दाराकडे बघतोय, हे त्यांना त्या घोड्याकडे बघून कळलं.

बाईंनी फोन कापला नव्हता. घंटा वाजतच होती. वहिनींनी फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो," बाईंचा आवाज दोनदा आला, एकदा अंगणातून आणि एकदा फोनमधून. "डिसेंबरचे पालक का?"

जाड आवाज काढायचा बेत कुठल्या कुठे गेला. "ते नाहीत, मॅडम," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. मी खोटं लिहिलं. शिंप्यानं शब्द फिरवला आणि दुसरं कुणी मिळालं नाही. डिसेंबर मीच भरीन."

"तुमचा जुलै आहे. एका माणसाला एकच महिना."

"माहितेय."

"कुठून भरणार होतात?"

"त्यांची पोलिसातली पेन्शन आहे. अर्धी मला मिळते. त्यातून."

टेम्पोपाशी व्यापाऱ्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बाईंनी घोड्याकडे पाहिलं, तो अजून दाराकडे बघत उभा होता. मग त्यांनी फाईलकडे पाहिलं, बराच वेळ.

"म्हणजे जुलै तुमच्या पगारातून," त्या फोनमध्येच म्हणाल्या, "आणि डिसेंबर त्यांच्या पेन्शनीतून. त्यांचे पैसे."

"हो."

"मग खोटं काय लिहिलंत?" आणि त्यांनी डिसेंबरवर खूण केली.

दीर खाली बसल्या बसल्या लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला, एवढा मोठा बाप्या.

जावईबापू बंद गाडीच्या फळीवरून चढले ते मापट्यामागे, तोंडावर काहीही नसताना. आत बाईंनी सैलशी सुताची मोहरकी चढवली, तरी जावईबापूंनी चकार शब्द काढला नाही. बाराला सात मिनिटं कमी होती. व्यापाऱ्यानं टेम्पो निमूटपणे बाजूला घेतला. जाताना ती पितळी साखळी मिळेल का, असंही विचारून बघितलं. दिरानं ती उचलून विहिरीत टाकली होती.

गाडी सुटताना वहिनींनी खिडकीतून मापटं बाईंच्या हाती दिलं. "पाच वाजता दाणा. आधी पिंपावर तीनदा आपटायचं. विसरू नका."

पाचला पाच मिनिटं असताना वहिनी धान्याच्या दुकानात काट्यावर बसल्या होत्या. खिशातली घंटा वाजली. सहा वर्षांत त्या नंबरवर कुणी बोलायला म्हणून फोन केला नव्हता. त्यांनी घाईघाईनं कानाला लावला. कुणी बोललं नाही. नुसता आवाज आला, टण, टण, टण, टण.

"चार नाही हो मॅडम, तीन!" वहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की गिऱ्हाईक दचकलं. "चार वेळा कुणी आपटतं का? त्याला कळायचं नाही!"

मग पलीकडून फुर्रर्र ऐकू आलं. वहिनी काट्यावरचं वजन हातात तसंच धरून बसल्या, आणि गिऱ्हाइकासमोर मोकळेपणानं रडल्या.